गार्ड कोण होणार?

मधल्या सुटीत भालकी-औरादकडच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात गाडी-गाडीचा खेळ सुरू झाला की पहिली पाच मिनिटं गाडी जागची हलत नाही. एकाच्या सदऱ्याचं टोक दुसऱ्यानं धरायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं, एवढंच खरं तर करायचं असतं. पण इंजिन कोण, यावरून जुंपते. ते भांडण मिटलं की शेवटी कोण उभं राहणार, यावरून नव्यानं. शेवटचा म्हणजे गार्ड. त्याच्या हातात रुमालाची झंडी असते आणि शिट्टी वाजवायचा हक्क त्याचा. मधली पोरं नाइलाजानं डबे होतात. या खेळात एक भूमिका मात्र कुणी मागत नाही, ती म्हणजे प्रवासी. तिकीट काढून खिडकीशी मुकाट बसायला एकही पोर तयार नसतं.

मोठ्या माणसांनी मुलांसाठी रेल्वेच्या नावानं जे जे केलं, त्यात मात्र मूल हमखास प्रवासी. ग. दि. माडगूळकरांच्या आगीनगाडीच्या गाण्यात मूल मामाच्या गावाला निघालेलं असतं आणि खिडकीतून बाहेर बघत असतं. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी काय, माथेरानची गाडी काय, मुलांनी बसायचं आणि हरखायचं. जगात काही ठिकाणी मात्र मोठ्यांनी हा वाद पोरांच्या बाजूनं मिटवला. तिथं तिकीट फाडणारा, सांधे बदलणारा, गाडीला परवानगी देणारा स्टेशन मास्तर, गार्ड, सगळे दहा ते चौदा-पंधरा वर्षांचे. आणि ती गाडी जत्रेतल्या पाळण्यासारखी गोल फिरणारी नव्हे. तिला वेळापत्रक होतं, स्थानकं होती, नियमांचं पुस्तक होतं.

या गोष्टीचा आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागाशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर एक माप सांगता येईल. अडीच फूट.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांना ओळखीचा आहे तो रुंद रूळ, ब्रॉडगेज, साडेपाच फुटांचा, म्हणजे १६७६ मिलिमीटर. सोलापूरहून रायचूरकडे गेलेली जी वाट १८७१ मध्ये पुरी झाली आणि जिच्यावर कलबुर्गी आहे, ती रुंद. वाडीहून सिकंदराबादला १८७४ मध्ये निजामानं नेलेली तीही रुंद. विकाराबादहून बीदर, भालकी, कमालनगर, उदगीर करत परळीकडे जाणारी तीही रुंदच. पण उदगीरच्या पुढे, लातूर शहरात, दुसरंच काहीतरी यायचं. बार्शी लाईट. तिच्या रुळांत अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. जुन्या मापानं सांगायचं तर पावणेदोन हातांना थोडं कमीच. एखादं सहा-सात वर्षांचं पोर एक पाय या रुळावर, एक पाय त्या रुळावर ठेवून उभं राहायला बघेल इतकं.

आता ही मापं बघा. बुडापेस्टच्या टेकड्यांवर मुलं चालवतात त्या रेल्वेचं गेज ७६० मिलिमीटर. जुन्या सोव्हिएत देशातल्या मुलांच्या बहुतेक रेल्वे ७५० मिलिमीटरच्या. लातूरच्या आणि त्यांच्या मापात बोटभराचाही फरक नाही. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण ज्या कारणांनी हे माप बार्शीला सोयीचं ठरलं त्याच कारणांनी ते मुलांच्या हाती देता आलं.

बार्शी लाईट ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यातली कल्पना. माणूस मोठा हरहुन्नरी. अरबी घोडे पाळायचा, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी त्यानं ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली. पण त्याचा खरा हट्ट अरुंद रुळाचा. त्या काळी अरुंद रेल्वे म्हणजे गरिबाघरची गाडी, ओझं पेलणार नाही, असं समजत. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की रूळ हलका असला तरी चालेल, फक्त कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन असो की मालडबा, सगळ्यांना हाच नियम. भार जास्त असेल तर आस वाढवा, चाकं वाढवा, पण रुळाला टोचू नका. म्हणून त्याच्या इंजिनांना खाली चाकंच चाकं. लीड्सच्या किटसन कारखान्यात बांधलेल्या त्या इंजिनांना ओढणारी आठ चाकं आणि मागं आधाराची आणखी चार. यार्डाला अवघ्या तीस पौंडांच्या रुळावरून ती माल ओढत जायची.

कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढं एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला १९११ मध्ये लातूर, आणि १९२७ मध्ये मिरज. कॅलथ्रॉप त्याच वर्षी वारला. सगळा मिळून पसारा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास झाला. बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर निजामाच्या, म्हणजे ही अडीच फुटी वाट दोन राज्यांतून जायची. लातुरात बसायचं आणि कुर्डुवाडीवरून पंढरपुरात उतरायचं, ही वारकऱ्यांची सोय त्या अरुंद रुळानं केली. चालत्या गाडीतून उतरून शेतातली शेंग तोडून परत चढता यायचं, ही गंमत बार्शी लाईटबद्दल सांगतात. जगातल्या प्रत्येक अरुंद रेल्वेबद्दल अशीच गंमत सांगतात, शेंगेऐवजी कुठं फुलं असतात, कुठं द्राक्षं. तेव्हा ती खरी मानायचं कारण नाही, पण वेग कमी होता हे खरं.

आणि वेग कमी हीच मुलांच्या दृष्टीनं जमेची बाजू. अरुंद रूळ तीव्र वळण घेऊ शकतो, त्यामुळं टेकडी फोडायची गरज कमी पडते, टेकडीला वळसा घालता येतो. डबे आटोपशीर, पायरी खाली. भराव कमी, पूल छोटे, खर्च कमी. आणि तरीही ती खेळण्यातली गाडी नसते. साडेसातशे-सातशेबासष्ट असल्या मापांवर जगभर ऊस, बीट, लाकूड, दगड, सैन्याचं सामान वाहिलं गेलं. त्यामुळं त्या मापाची खरी इंजिनं, खरे डबे, खरे सांधे कारखान्यांत तयार मिळत. ड्रेस्डेनच्या बागेत १९५० मध्ये सुरू झालेल्या मुलांच्या रेल्वेचं गेज ३८१ मिलिमीटर आहे. तिथली इंजिनं मोठ्या इंजिनाची छोटी प्रतिकृती, चालक त्यात मांडी घातल्यासारखा बसतो. सुंदर प्रकार आहे. पण साडेसातशेच्या गाडीत मोठा माणूस ताठ उभा राहतो, आणि पोराला कळतं की आपल्या हातात दिलेलं काम खोटं नाही.

मुलांची पहिली रेल्वे म्हणून सहसा जॉर्जियातल्या तिबिलिसी शहराचं नाव घेतात. वर्ष १९३५, महिना जून. जागा मुश्तैद बाग. बीदरच्या वाचकाला हे नाव ऐकून कान टवकारावेसे वाटतील, आणि ते बरोबरच. इराणातल्या तब्रीझहून येऊन तिबिलिसीत राहिलेल्या एका मुज्तहिदाची, म्हणजे शिया धर्मशास्त्र्याची, ती बाग. मुज्तहिदचं मुश्तैद झालं. इराणातल्या गीलानहून आलेल्या महमूद गवानानं ज्या शहरात मदरसा बांधला, तिथल्या लोकांना असा शब्दांचा प्रवास नवा नाही. तर त्या बागेत काहीशे मीटरचा रूळ टाकला गेला आणि तो शाळकरी मुलांच्या ताब्यात दिला.

तिथून ही साथ पसरली. क्रास्नोयार्स्क आणि द्नीप्रो १९३६, येरेवान आणि मॉस्कोजवळचं क्रातोवो १९३७, खार्किव १९४०. युद्धात काही उद्ध्वस्त झाल्या, नंतर पुन्हा उभ्या राहिल्या, आणि नव्यांची भर पडत गेली. एकूण आकडा पन्नाशी ओलांडून गेला. त्या वेळचा सोव्हिएत रेल्वेमंत्री लाझार कागानोविच. स्टालिनच्या सगळ्यात कठोर माणसांपैकी एक. अनेक मुलांच्या रेल्वेंना त्याचं नाव होतं. हे वाचून अंगावर काटा येतो, आणि यावा. ज्या खात्यानं लाखो माणसांना मालडब्यांत कोंबून सैबेरियात पोचवलं, त्याच खात्यानं पोरांच्या हातात हिरवी झंडी दिली.

हेतू सरळ होता. देश अफाट, रेल्वे त्याचा कणा, आणि रेल्वेला माणसं हवीत. पोरांना लहानपणी नाद लावला तर मोठेपणी ती आपसूक येतील. म्हणून हिवाळ्यात वर्गात नियम, सिग्नल, इंजिनाची रचना शिकवायची, परीक्षा घ्यायची, आणि उन्हाळ्याच्या सुटीत रुळावर उतरवायचं. थोरली मुलं चालकाच्या शेजारी उभी राहून इंजिनावर हात बसवायची. पुढं यासाठी कालुगाच्या कारखान्यात बनलेली टीयू-२ ही डिझेल इंजिनं इतकी रुळली की सोव्हिएत देशात मोठं झालेल्या अनेकांच्या बालपणीच्या फोटोत ती मागं उभी दिसतात. तो देश गेला, पण रशियाची रेल्वे कंपनी आजही अशा दोन डझनांच्या आसपास रेल्वे चालवते. प्रचार म्हणून सुरू झालेली गोष्ट प्रचार संपल्यावरही टिकते, तेव्हा तिच्यात प्रचारापलीकडचं काहीतरी असतं. ते काय, हे बुडापेस्टला सगळ्यात स्वच्छ दिसतं.

हंगेरीत १९४८ च्या वसंतात काम सुरू झालं आणि ३१ जुलैला पहिली गाडी सुटली, सव्वातीन किलोमीटर. ऑगस्ट १९५० पर्यंत सगळी वाट पुरी झाली. आज ती सेचेन्यी टेकडीपासून ह्यूवश दरीपर्यंत अकरा किलोमीटरच्या वर आहे, जंगलातून वळसे घेत उतरते, मध्ये एक बोगदा लागतो सुमारे दोनशे मीटरचा. मुलांनी चालवलेली जगातली सगळ्यात लांब रेल्वे म्हणून गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद आहे. गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटर.

तिथं नेमकं काय चालतं ते जरा सावकाश बघू. दहा ते चौदा वर्षांची मुलं. भरती व्हायला शाळेतले गुण बरे लागतात आणि घरच्यांची संमती. मग काही महिन्यांचा अभ्यास आणि शेवटी परीक्षा. पास झालं की निळा गणवेश. महिन्यातून साधारण दोन दिवस पाळी येते, त्या दिवशी शाळेला अधिकृत सुटी, बुडालेला अभ्यास मात्र ज्याचा त्यानं भरून काढायचा. इंजिन चालवणं आणि रूळ-डब्यांची दुरुस्ती मोठ्या माणसांकडे. बाकी सगळं पोरांकडे. तिकीट खिडकी, डब्यातली तपासणी, गार्डाचं काम, सांधे, सिग्नल, आणि लाल टोपी घातलेला स्टेशन मास्तर. मोठा माणूस देखरेखीला असतो, पण तो हात मागं बांधून. गाडी सुटते तेव्हा फलाटावरचा तो पोर ताठ उभा राहून सलाम करतो, शेवटचा डबा जाईपर्यंत.

आता हे सलामाचं दृश्य पर्यटकांच्या फोटोत येतं. पण मला त्याच्या आधीची दोन मिनिटं मोलाची वाटतात, आणि ती समजायला एकेरी रूळ समजायला हवा.

एकच रूळ, दोन्हीकडून गाड्या. समोरासमोर आल्या तर संपलं. म्हणून दोन स्थानकांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा जगभरच्या रेल्वेचा पाया. आपल्याकडे भालकीचा मास्तर पुढच्या स्थानकाला विचारायचा, लाईन क्लिअर आहे का? पुढच्या मास्तरनं हो म्हटलं की यंत्रातून एक लोखंडी गोळा सुटायचा. तो गोळा चालकाच्या हातात असल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि तो पुढच्या स्थानकाच्या यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघायचा नाही. माणूस विसरेल, लोखंड विसरत नाही, ही त्यामागची अक्कल. वेताच्या कडीत अडकवलेला गोळा फलाटावरून धावत्या इंजिनात देणारा खलाशी ज्यांनी बघितलाय त्यांना ती सफाई आठवत असेल. आता बहुतेक ठिकाणी हे काम विजेनं होतं.

बुडापेस्टच्या मुलांचं कामही हेच. पुढच्या स्थानकाला विचारायचं, उत्तर ऐकायचं, तेच परत म्हणून दाखवायचं, वेळेसकट वहीत लिहायचं, मग दांडा ओढून सांधा लावायचा, मग सिग्नल, मग झंडी. वहीत लिहिण्याआधी झंडी दाखवायची नाही. घाई झाली तरी नाही, मागं परदेशी पाहुणे फोटो काढत उभे असले तरी नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या ‘हो’ शिवाय पन्नास वर्षांचा चालक इंजिन हलवू शकत नाही. शाळेत आपण मुलांना जबाबदारीवर निबंध लिहायला सांगतो. इथं जबाबदारीला वेळ आहे, सही आहे, आणि समोर थांबलेली खरी गाडी आहे.

तिथल्या स्थानकांच्या नावांचीही एक गंमत. साम्यवादी काळात या रेल्वेला ‘पायोनियर रेल्वे’ म्हणत, मुलांच्या गळ्यात लाल रुमाल असायचा. एका स्थानकाचं नाव ‘पुढे चला’ अशा अर्थाचं. १९९० नंतर रुमाल गेला, ‘पुढे चला’चं ‘फुलांची दरी’ झालं, आणि रेल्वे नुसती ‘मुलांची रेल्वे’ झाली. गुलबर्ग्याचं कलबुर्गी आणि उस्मानाबादचं धाराशिव होताना बघितलेल्यांना पाट्या बदलण्याचं नवल नाही. मुलांनी पाट्या बदलल्या म्हणून लाईन क्लिअर विचारायचं सोडलं नाही.

१९५६ हे साल या सगळ्या गोष्टीत मधोमध येतं. ८ एप्रिलला पुण्यात फुलराणी सुरू झाली, उद्घाटन एका शाळकरी मुलीच्या हातून. गाडीचं नाव ऐकताच मराठी माणसाला बालकवींची कविता आठवावी असं. जूनच्या १ तारखेला चीनमधल्या हार्बिन शहरात मुलांची रेल्वे सुरू झाली, दोन किलोमीटरची, टोकाच्या स्थानकांना नावं हार्बिन आणि बीजिंग, म्हणजे पोरं अर्ध्या तासात देश ओलांडून यायची. त्याच महिन्यात पूर्व बर्लिनच्या जंगलात सहाशे मिलिमीटरची. दिल्लीत नेहरूंच्या प्रेरणेनं बाल भवन स्थापन झालं तेही त्याच वर्षी, आणि तिथंही पुढं छोटी गाडी आली. आणि १ नोव्हेंबरला आपल्याकडे राज्यांची फेरमांडणी झाली. हैदराबाद राज्य मोडलं. बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. भालकी, हुमनाबाद, औराद आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. विकाराबादहून परळीला जाणारी गाडी रात्रीत तीन राज्यांची झाली. रूळ तोच, गाडी तीच, आणि कमालनगरच्या मुलाला उदगीरला मामाकडे जायचं तर आता राज्य ओलांडावं लागणार होतं.

हार्बिन, बर्लिन आणि पुणे एकाच वर्षातली. पण हार्बिन-बर्लिनमध्ये मुलांना टोप्या मिळाल्या आणि पुण्यात मुलांना जागा मिळाली. फुलराणीला मी उणं म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांनी तिच्यात बसून वाघ-सिंह बघितले. बंगळूरच्या कब्बन पार्कात बाल भवनाची गाडी आहे, तिचं नाव ‘पुटाणी एक्सप्रेस’. कन्नडमध्ये पुटाणी म्हणजे चिमुकलं. आपल्या भागात मात्र पुटाणी म्हटलं की किराणा दुकानातलं डाळं डोळ्यांपुढं येतं, त्यामुळं इथल्या पोराला ती गाडी डाळं-फुटाणे वाहणारी वाटली तर त्याचा दोष नाही. या सगळ्या गाड्या मोठी माणसं चालवतात, मुलं त्यांत बसतात.

का? पैसा हे एक कारण असेल. पण दुसरं कारण कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि ते जास्त विचार करायला लावणारं आहे.

मुलांना कामाला लावू नये असं सांगणारा देशपातळीवरचा एक जुना कायदा १९३८ चा. त्यात अगदी पहिल्यांदा नाव घेतलं आहे ते कुठल्या कामाचं? रेल्वेनं प्रवासी, माल आणि टपाल वाहण्याशी जोडलेल्या कामाचं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला त्यात नोकरी द्यायची नाही. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, त्यामुळं निजामाच्या बीदर-गुलबर्ग्यात तो आपोआप लागू होत नव्हता.  पुढं राज्यघटनेचं कलम २४ आलं, चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामात ठेवू नये असं सांगणारं. १९८६ च्या बालकामगार कायद्यातही मनाई केलेल्या कामांची यादी सुरू झाली ती पुन्हा रेल्वेपासून. पहिलं, रेल्वेनं वाहतूक. दुसरं, इंजिनाच्या राखेच्या खड्ड्यातून अर्धवट जळलेले कोळसे वेचणं. तिसरं, स्टेशनातल्या खाण्यापिण्याच्या दुकानाचं असं काम, ज्यात एका फलाटावरून दुसऱ्यावर जावं लागतं किंवा चालत्या गाडीत चढ-उतार करावी लागते.

ही यादी वाचताना वाडी जंक्शन डोळ्यांपुढं येतं. तिथं वाफेची इंजिनं राख टाकायची, पाणी घ्यायची. यादीत राखेतला कोळसा आला याचा अर्थ तो वेचणारी मुलं देशभर इतकी होती की कायद्याला त्यांचं वेगळं कलम लिहावं लागलं. घरच्या चुलीसाठी, नाहीतर चार पैशांसाठी, गरम राखेत हात घालणारी. चहाची किटली घेऊन एका डब्यातून दुसऱ्यात उडी मारणारी. आपल्याकडेही मुलं रेल्वे ‘चालवत’ होती म्हणायची, फक्त त्यांना टोपी नव्हती, परीक्षा नव्हती, आणि त्यांनी सलाम केला तरी उलट सलाम कुणी करत नव्हतं.

या पार्श्वभूमीवर कायद्यानं सरसकट नाही म्हटलं ते योग्यच. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदाखालच्या मुलाला घरच्या व्यवसायातली मदत आणि कलाकाराचं काम सोडून सगळ्याच कामांतून बाहेर काढलं. बुडापेस्टच्या मुलांना पगार नाही, शिकणं हाच मोबदला, म्हणून तिथं कायद्याचा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटतो. पण ज्या देशात पगाराशिवाय राबणारं मूल ही नवलाई नव्हती, तिथं ‘हे शिकणं आहे, काम नव्हे’ असं म्हणणाऱ्याकडे संशयानं बघावं लागतं. मुलाच्या हातात झंडी देणारा समाज आणि किटली देणारा समाज यांच्यातली रेघ कायद्यात लिहायला सोपी नाही. हंगेरीत ती रेघ पाळली जाते ती महिन्याला दोनच दिवस, शाळेचे गुण आणि हात मागं बांधून उभा असलेला मोठा माणूस, या तीन गोष्टींनी. यातली एक जरी सुटली तरी खेळाचं राबणं व्हायला वेळ लागायचा नाही.

बार्शी लाईटचा अरुंद रूळ आता उरला नाही. १९५४ मध्ये सरकारनं ती कंपनीकडून घेतली, आणि शतक उलटल्यावर रुंदीकरण झालं. लातूरकडचा टप्पा २००७-०८ मध्ये रुंद होऊन धाराशिववरून गेला, पंढरपूर-मिरज २०१० मध्ये. आणि २९ ऑक्टोबर २०१७ ला बीदर-कलबुर्गी ही एकशेदहा किलोमीटरची नवी वाट सुरू झाली. हुमनाबादला पहिल्यांदा स्टेशन मिळालं. मरगुत्तीजवळ डोंगर फोडून बोगदा काढला आहे. कॅलथ्रॉपनं तिथं बहुधा वळसा घेतला असता. बसवकल्याण, औराद, आळंद इथल्या मुलांना मात्र गाडी बघायला अजून दुसऱ्या गावी जावं लागतं.

बुडापेस्टच्या मुलाची पाळी चौदा-पंधराव्या वर्षी संपते. आठवी झाली की लाल टोपी परत करायची, पुढच्या मुलाला जागा द्यायची. आपल्याकडे रेल्वेच्या भरतीचा अर्ज अठरानंतर. हुमनाबादच्या नव्या स्टेशनावर गाडी थांबते तेव्हा शेवटच्या डब्यातून पांढऱ्या कपड्यातला माणूस हिरवी झंडी बाहेर काढतो. फाटकापाशी सायकल टेकवून उभी असलेली पोरं हात हलवतात, तोही झंडीचा हात जरा उंच करतो. जानेवारी २०२२ पासून त्याच्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं आहे. शाळेच्या पटांगणात ते अजून पोचलेलं नाही. तिथं शेवटी उभं राहण्यासाठी जे भांडण होतं, ते गार्ड कोण होणार यावरूनच.